निर्लेखित संगणक जातात कुठे?

बंगळूरूचा कोरमंगला भाग आज देशभर नवउद्योगांची वस्ती म्हणून ओळखला जातो. २००७ साली फ्लिपकार्टची सुरुवात इथूनच झाली. पुण्या-नागपुरातून, कोल्हापूर-लातुरातून शिकून आलेली अनेक मराठी मुलेमुली इथल्या काचेच्या इमारतींत संगणकासमोर बसलेली असतात. याच कोरमंगलात केंद्रीय सदन ही इमारत आहे आणि तिच्यात केंद्र सरकारची अनेक कार्यालये एका छपराखाली काम करतात. म्हणजे संगणक विकत घेणारे दोन मोठे ग्राहक, खासगी क्षेत्र आणि सरकार, इथे एकमेकांचे शेजारी आहेत. खासगी कंपन्यांच्या ई-कचऱ्याविषयी वर्तमानपत्रांत अधूनमधून लिहून येते. सरकारी कार्यालयांतून दरवर्षी बाद होणाऱ्या संगणक, प्रिंटर, यूपीएस आणि झेरॉक्स यंत्रांचे पुढे काय होते, याबद्दल मात्र फारसे कुणी विचारत नाही. प्रशासनात तीसेक वर्षे काढलेल्या माणसाने तरी हा प्रश्न विचारायला हवा, म्हणून हा लेख.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबात कायद्याच्या यादीतील तेव्हाच्या २१ प्रकारच्या वस्तूंचा कचरा २०२१-२२ मध्ये सुमारे १६ लाख टन होता आणि त्यातील सुमारे ५.२७ लाख टनांवर अधिकृत प्रक्रिया झाली. म्हणजे दर तीन टनांपैकी दोन टन कुठे गेले, हे कोणत्याही सरकारी कागदावर नाही. अर्थात ते हवेत विरून गेले नाहीत. कुठल्या तरी गल्लीत, कुणाच्या तरी हातांनी ते फोडले गेले.

या विषयावरचा कायदा आपल्याकडे नाही असे नाही. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली आले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. ज्याने वस्तू बनवून विकली त्यानेच ती निकामी झाल्यावर तिची व्यवस्था लावावी, हे उत्पादकाच्या विस्तारित दायित्वाचे तत्त्व त्यात प्रथम आले. २०१६ साली दुसरे नियम आले, २०२२ साली तिसरे. हे तिसरे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर गेली. उत्पादकांना वजनानुसार लक्ष्ये ठरवून दिली गेली आणि ती पुरी करण्यासाठी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेण्याची पद्धत आली. तेव्हा नियमांची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. अडचण आहे ती आपल्याच दुसऱ्या नियमांशी त्यांची सांगड न घातली गेल्याची.

सरकारी कार्यालयातील संगणकाचा जीवनक्रम बघा. तो खरेदी होतो, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढतो, काही वर्षे वार्षिक देखभालीच्या करारावर चालतो. मग तो मंदावतो, किंवा नवे सॉफ्टवेअर त्याच्यावर चालेनासे होते. त्याला बाद ठरवण्यासाठी समिती नेमली जाते. समिती पाहणी करते, पुस्तकी किंमत आणि राखीव किंमत ठरवते, सक्षम अधिकारी मंजुरी देतो आणि वस्तू निर्लेखित होते. कार्यालयीन बोलीत ‘कंडेम’ होते. त्यानंतर सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे विल्हेवाट लावायची. अंदाजे किंमत दोन लाख रुपयांहून अधिक असेल तर जाहीर निविदा किंवा लिलाव. लिलावाचे तत्त्व सरळ आहे, जो सर्वाधिक बोली लावील त्याला माल.

हे तत्त्व जुन्या लाकडी टेबलखुर्च्यांसाठी उत्तम आहे. सरकारी मालमत्ता कवडीमोलाने ओळखीच्या माणसाच्या घशात जाऊ नये, यासाठीच ते आले. पण ई-कचऱ्याच्या बाबतीत तेच तत्त्व उलटे फळ देते. ते कसे, हे एका काल्पनिक हिशेबाने सांगतो.

समजा, जुन्या संगणकांच्या एका ढिगातून चांगल्या कारखान्यात शंभर रुपयांचा धातू आणि सुटे भाग निघतात. त्या कारखान्याला सांडपाण्याची प्रक्रिया, धूर गाळणारी यंत्रणा, कामगारांचा विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांवर चाळीस रुपये खर्च येतो. तो साठ रुपयांच्या वर बोली लावूच शकत नाही. दुसरा खरेदीदार तोच माल पत्र्याच्या शेडमध्ये हातोड्याने फोडतो, तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळतो, सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवतो. त्याची पद्धत ओबडधोबड असल्याने त्याच्या हाती सत्तरच रुपयांचा माल लागतो, पण खर्च येतो पाच रुपये. तो पासष्टची बोली लावतो आणि लिलाव जिंकतो. सरकारी तिजोरीत पाच रुपये जास्त येतात. तीस रुपयांचा धातू मात्र गटारात आणि राखेत कायमचा जातो. आणि शिसे, कॅडमियम, आम्लाची वाफ व जळक्या प्लास्टिकचा धूर यांची किंमत त्या शेडमधला कामगार, त्याची मुले आणि खालच्या विहिरीचे पाणी पिणारे लोक चुकवतात. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. आपला खर्च दुसऱ्याच्या माथी मारण्याची ज्याची तयारी अधिक, त्याची बोली अधिक. आमच्या फाइलवर मात्र याची नोंद ‘शासनास अधिक महसूल मिळाला’ अशी होते.

हा हिशेब काल्पनिक असला तरी त्यामागचे वास्तव बंगळूरूमध्येच तपासले गेलेले आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात भारत, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या सहकार्याने इथल्या असंघटित सोने-काढणाऱ्यांचा अभ्यास झाला. सर्किट बोर्डांवरील सोन्यापैकी जेमतेम पाव हिस्सा त्यांच्या आम्लपद्धतीतून हाती लागतो असे आढळले. तेच बोर्ड युरोपातील आधुनिक भट्टीत गेले तर पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास सोने निघते. म्हणजे गरीब कामगार आपले फुप्फुस जाळून जे मिळवतो, त्याच्या तिप्पट तो नकळत फेकून देतो. पर्याय म्हणून असे सुचवले आणि करूनही पाहिले गेले की या लोकांनी माल गोळा करावा, हातांनी सुटा करावा, आणि आम्लाचे काम स्वतः न करता बोर्ड योग्य कारखान्याकडे पाठवावेत. त्यात त्यांचा फायदा बुडत नाही आणि विषही टळते. देशातील पहिला अधिकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया कारखाना, ई-परिसरा, २००५ साली बंगळूरूजवळच्या दाबसपेटला सुरू झाला, हेही इथे नोंदवले पाहिजे. या शहरात ज्ञान होते, प्रयोग होते, कारखानाही होता.

याच शहरापासून शंभरेक किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. २००१ साली त्या बंद झाल्या, कारण खोल जमिनीतून काढलेल्या एक टन खनिजात काही ग्रॅमच सोने उरले होते आणि ते काढणे परवडेना. संगणकाच्या एक टन सर्किट बोर्डांत दोनशे ग्रॅमच्या आसपास सोने असते. आपल्या आजीला हे सांगावे लागले नसते. घरातले तांब्या-पितळेचे भांडे फुटले तर ती ते मोडीत घालत असे आणि तांबटाच्या तराजूकडे डोळ्यांत तेल घालून पाहत असे. मोड म्हणजे टाकाऊ नव्हे, मोडीलाही मोल आहे, हे तिला ठाऊक होते. सरकारी दप्तरात मात्र ‘मोडीत काढणे’ म्हणजे विषय संपवणे.

आता कुणी म्हणेल, लिलावात फक्त नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया उद्योजकांनाच प्रवेश द्यावा. ही अट आता अनेक लिलावांत असते आणि ती योग्यच आहे. पण अट दारापाशी तपासली जाते. माल ट्रकमध्ये चढल्यावर तो कारखान्यात गेला की वाटेत वळला, हे पाहण्याची जबाबदारी कार्यालयातल्या कुणावर नसते. पैसे जमा झाल्याची पावती फाइलला लागते आणि फाइल बंद होते. नोंदणी आणि प्रमाणपत्र यांवर आंधळा विश्वास ठेवणे किती धोक्याचे असते, हे प्लास्टिकच्या बाबतीत दिसले आहे. २०२३ साली केंद्रीय मंडळाच्या तपासणीत काही पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांनी सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे दिल्याचे उघड झाले. त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतले उद्योग होते.

दुसरी त्रुटी व्याख्येची आहे. २०१६ च्या नियमांत मोठ्या ग्राहकांच्या व्याख्येत केंद्र व राज्य सरकारच्या विभागांचा नावानिशी उल्लेख होता. २०२२ च्या नियमांत ती व्याख्या संख्येवर आली. वर्षात कधीही एक हजार वा अधिक उपकरणे वापरणारा तो मोठा ग्राहक, आणि त्याने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीदार किंवा पुनर्प्रक्रिया उद्योजकालाच द्यायचा. आता दीडशे-दोनशे संगणकांचे एखादे प्रादेशिक कार्यालय घ्या. त्याने स्वतःपुरते पाहिले तर ते या बंधनातून सुटते. मंत्रालय एकत्र मोजले तर ते अडकते. कार्यालय ही संस्था की मंत्रालय ही संस्था, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक जण सोयीने देतो. एकाच इमारतीतील पंधरा-वीस कार्यालये मिळून हजारांची मर्यादा सहज ओलांडतात, पण कागदावर प्रत्येक जण छोटा ग्राहक राहतो.

तिसरी गोष्ट भीतीची, आणि ती बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. एखाद्या अधिकाऱ्याने सर्वाधिक बोली नाकारून, कमी रक्कम देणाऱ्या पण खात्रीच्या कारखान्याला माल दिला, तर लेखापरीक्षणात ‘शासनाचे नुकसान’ असा परिच्छेद येऊ शकतो. कदाचित दक्षता विभागाचे पत्रही येईल. लिलाव केला आणि माल कुठल्याशा वस्तीत जाळला गेला, तर कुणीही त्याला प्रश्न विचारणार नाही. आणि काहीच केले नाही, तर तेही चालते. न घेतलेल्या निर्णयावर सहसा आक्षेप येत नाही. म्हणून जुने संगणक कोठीच्या खोलीत पडून राहतात. मी पूर्वी ज्या कार्यालयांत काम केले त्यांपैकी एकात अशा दोन खोल्या भरल्या होत्या. समितीचे अध्यक्ष बदलत गेले, प्रत्येक नव्या समितीने पहिल्यापासून पाहणी केली, आणि शेवटी लिलाव झाला तेव्हा बऱ्याच यंत्रांतील मेमरी आणि हार्ड डिस्क आधीच नाहीशी झाली होती. कोरमंगलासारख्या भागात चौरस फुटाचे भाडे काय आहे, आणि त्या दोन खोल्या अडकवून ठेवल्याने वर्षाला किती नुकसान होते, हा हिशेब कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो.

२०२१ पासून दर ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकार कार्यालये स्वच्छ करण्याची विशेष मोहीम राबवते. तिच्यामुळे अशा अनेक खोल्या मोकळ्या झाल्या आणि २०२५ च्या मोहिमेत ई-कचऱ्यावर खास भर होता, ही समाधानाची बाब आहे. परंतु मोहिमेचे यश ज्या आकड्यांनी मिरवले जाते ते किती चौरस फूट जागा मोकळी झाली आणि भंगारातून किती महसूल आला, हे आहेत. त्यांच्या शेजारी तिसरा आकडा हवा. गेलेल्या मालापैकी किती किलो खात्रीने योग्य ठिकाणी पोहोचला? प्रशासनात जे मोजले जाते तेच घडते.

इथपर्यंत पुनर्प्रक्रियेचे झाले. पण पुनर्प्रक्रिया ही शेवटची पायरी आहे. त्याआधी पुनर्वापर येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. नवी आवृत्ती अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाही. त्यामुळे उत्तम स्थितीतील असंख्य संगणक केवळ या कारणाने बाद ठरण्याच्या मार्गावर आहेत. त्यांच्यावर लिनक्स घातले तर ते आणखी काही वर्षे टंकलेखन, ई-मेल आणि शाळेतील शिकवणी यांसाठी सहज चालतील. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर आपले संगणक-शिक्षण उभे केले आहे. आपल्याच सी-डॅकने बॉस ही लिनक्सची भारतीय आवृत्ती तयार केलेली आहे. अडथळा येतो तो माहितीच्या सुरक्षिततेचा, आणि तो खोटा नाही. पण त्यावर उपाय हार्ड डिस्क काढून तेवढीच नष्ट करणे हा आहे. एका डिस्कच्या भीतीने पूर्ण संगणक फोडायचे कारण नाही.

पुनर्वापराचे काम जाणणारी माणसे आपल्याकडे भरपूर आहेत. बंगळूरूच्या एस. पी. रोडवर फेरफटका मारला तर मृत ठरवलेल्या मदरबोर्डमध्ये प्राण फुंकणारे कारागीर दिसतात. भंगारवाला, कबाडी, कचरावेचक हे या साखळीचे पहिले दुवे आहेत. २०२२ च्या नियमांत उत्पादक, निर्माता, दुरुस्तीदार आणि पुनर्प्रक्रिया उद्योजक यांची नोंदणी आहे; गोळा करणाऱ्याला आणि सुटे करणाऱ्याला मात्र वेगळे दार उरले नाही. कामगारांची ओळख, नोंदणी आणि प्रशिक्षण ही जबाबदारी नियमांनी राज्य सरकारांवर टाकली आहे, ती कागदावरून खाली उतरायला हवी. ते अशक्य नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरावेचकांना महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे मिळाली. तिथल्या कामाचा अनुभव घेऊन नलिनी शेखर बंगळूरूत आल्या आणि त्यांच्या सहभागातून हसिरु दळ ही संघटना उभी राहिली. इथल्या महापालिकेनेही २०११ पासून कचरावेचकांना ओळखपत्रे दिली. पुण्याची एक चांगली कल्पना बंगळूरूला अशी पोहोचली, याचा परप्रांतातील मराठी माणसाला अभिमान वाटावा. ई-कचऱ्यात हाच मार्ग आहे: गोळा करणे, निवडणे आणि दुरुस्ती या कामांत त्यांना मानाची जागा, आणि आम्लाचे व जाळण्याचे काम पूर्ण बंद.

यातून माझ्या सूचना अशा :

१. ई-कचऱ्याची विल्हेवाट ही मालविक्री न मानता सेवा मानावी. आधी प्रक्रियेची पात्रता आणि कारखान्याची प्रत्यक्ष पाहणी, त्यात उत्तीर्ण होणाऱ्यांमध्येच किमतीची स्पर्धा. वित्त मंत्रालयाने तसे स्पष्ट परिपत्रक काढावे, म्हणजे प्रामाणिक अधिकाऱ्याला लेखापरीक्षणाची भीती राहणार नाही. वित्तीय नियमांत घातक वस्तूंची विल्हेवाट प्रदूषण टाळून लावण्याची तरतूद आहेच. ई-कचऱ्याचा तिच्यात नावानिशी समावेश करावा.

२. फाइल पैशांच्या पावतीवर बंद होऊ नये. कारखान्यात माल पोहोचल्याची वजनाची नोंद आणि प्रक्रिया झाल्याचा दाखला लागल्यावरच ती बंद व्हावी. दरवर्षी काही फाइलींची अचानक तपासणी व्हावी.

३. अनेक कार्यालयांच्या सामायिक इमारतींत संपूर्ण इमारत हा एक मोठा ग्राहक मानावा. एक जबाबदार अधिकारी, एक कोठी आणि वर्षातून दोनदा उचल. छोट्या कार्यालयाला दहा संगणकांसाठी वेगळी समिती नेमावी लागू नये.

४. निर्लेखनापासून विल्हेवाटीपर्यंत नव्वद दिवसांची मुदत असावी. ती उलटली तर अडलेल्या जागेचे भाडे त्या कार्यालयाच्या खर्चात दाखवावे.

५. बाद ठरवण्याआधी समितीने एका ओळीत उत्तर द्यावे, हे यंत्र अन्य कुणाच्या उपयोगी पडेल काय? शाळेला दिले तर चालू स्थितीत द्यावे आणि ते निकामी झाल्यावर परत घेण्याची हमीही द्यावी. नाही तर दानाच्या नावाखाली आपला कचरा शाळेच्या गळ्यात बांधल्यासारखे होईल.

६. विचार खरेदीपासूनच सुरू व्हावा. जुनी वस्तू देऊन नवी घेण्याची सोय वित्तीय नियमांत आहेच. त्या करारात जुनी वस्तू कुठे जाईल याचा पुरावा देण्याची अट घालावी आणि दुरुस्तीस सोपे, सुटे भाग मिळणारे संच निवडावेत. सरकारसारखा ग्राहक हे मागू लागला तर बाजार ते देतो.

या सूचनांवर एक आक्षेप येईल, की सरकारचा महसूल घटेल. होय, काही प्रमाणात घटेल. ही तफावत भरून काढण्यासाठीच उत्पादकांकडून कारखान्यांना पैसा मिळण्याची व्यवस्था कायद्याने केली आहे. २०२४ साली घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी उत्पादकांनी किलोमागे किमान २२ रुपये मोजावेत असे ठरले, आणि २०२५ साली काही बड्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. जे सरकार कंपन्यांना सांगते की योग्य प्रक्रियेची किंमत मोजा, त्याच सरकारच्या कार्यालयांनी स्वतःचा कचरा विकताना मात्र पाच रुपयांसाठी डोळेझाक करावी, हे न्यायालयात आणि न्यायालयाबाहेरही शोभणारे नाही.

शेवटी, गावापासून दूर राहणाऱ्या माझ्या वाचकांसाठी दोन शब्द. आपल्यापैकी पुष्कळ जण कंपन्यांत निर्णय घेण्याच्या जागी आहेत, काही जण सरकारी सेवेत आहेत. आपल्या कार्यालयात पुढच्या वेळी जुन्या यंत्रांची फाइल समोर आली, तर ‘किती मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘कुठे गेले?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. त्यासाठी कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.